काचेआडचं बोलणं

पडद्यावरच्या विधवेच्या कपाटात पिस्तूल सापडलं, तेव्हा योगिताने सासूच्या मांडीवरून घसरणारी पॉपकॉर्नची पुडी कशीबशी पकडली. नवरा मेलेला, बाई दुसऱ्यावर जीव लावून बसलेली, आणि पोलिसांसकट सगळं गाव म्हणतंय, हिनेच मारला. आनंदाला दुसरा कुठला सिनेमा मिळाला नाही का, असं तिला वाटलं.

आनंदा मागच्या रांगेत कुठेतरी बसला होता. त्याला सचिन या गावी काम लागलं होतं, आणि लिंबायतची वस्ती सोडण्याआधी त्याला तिच्याकडून लग्नाचं हो किंवा नाही हवं होतं. मध्यंतरात दाराशी भेटायचं ठरलं होतं. मैत्रिणीबरोबर सिनेमाला जाते, असं सांगून योगिता निघाली, तर सासू, धुरपदाबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून उंबऱ्यात उभ्या. मी बी येस, म्हणाल्या, आणि विषय संपला.

नवरा काविळीने गेल्यापासून घरात या दोघीच होत्या. लोकांच्या तोंडाला योगिता फारशी भीत नव्हती. पण म्हातारीचं मन आपल्यावरून उडालं तर, या भीतीने तिने आनंदाला अजून उत्तर दिलं नव्हतं. माहेरीसुद्धा तिला एवढी माया मिळाली नव्हती.

पडद्यावर आता मेलेल्याचा धाकटा भाऊ गाडीत बसून फोनवर बोलत होता. काचा बंद, आवाज अजिबात नाही. लोकांनी डोकं खाजवत बसावं म्हणून केलेली ती करामत होती. धुरपदाबाई योगिताकडे झुकल्या.

"दीरनी मारं. त्या बाईनी नही."

उभी हयात लूमच्या कारखान्यात, यंत्रमागांच्या आवाजात गेल्याने त्यांना ऐकू येत नव्हतं. योगिताने हातानेच विचारलं, कशावरून?

"त्यानीच सांगं ना. तुले दिसनं नही?"

तेवढ्यात मध्यंतर झालं, दिवे लागले. आनंदा दाराशी उभा राहून ओठ हलवत होता, आवाज न काढता. लूमच्या खडखडाटात कारखान्यातले सगळे असेच बोलतात, आणि या दोघांचंही तिथे असंच जुळलं होतं. वर्षभर तो संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी थांबून असाच बोलायचा. बहिऱ्या म्हणून धुरपदाबाईंची दोघांनी कधी पर्वा केली नव्हती. त्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या.

सासू ओठ वाचते, हे योगिताच्या आत्ता ध्यानात आलं. काय काय बोललो होतो आपण, ते सगळं तिला एकदम आठवलं.

हो की नाही, आनंदाचे ओठ पुन्हा विचारत होते. त्याला गप्प बस म्हणून सांगायलाही तिला तोंड हलवता येईना. ती मान खाली घालून पुडी चुरगाळत राहिली.

शेजारी धुरपदाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि दाराकडे तोंड केलं. योगिताने घाबरत वर पाहिलं. सासूचे सुरकुतलेले ओठ सावकाश हलत होते, आवाज न काढता.

ऐतवारले घर ये. मायले संगे लई ये.

आनंदा दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. धुरपदाबाई परत खुर्चीत बसल्या आणि सुनेच्या हातातून पुडी काढून घेतली.

"रडू नको," त्या म्हणाल्या. "ती बाई सुटस का नही, ते देखू दे माले."