पाय धरले म्हणजे काय

सुजाण वाचकहो, या लेखात एका स्त्रीच्या पायांची, एका पुरुषाच्या हातांची आणि त्या दोहोंमध्ये घडलेल्या एका नवलाची हकिगत सांगण्यात येईल. ही हकिगत लग्न झालेल्या व लग्न ठरलेल्या जाणत्या माणसांकरिता आहे. विषय नाजूक आहे, परंतु लाजिरवाणा नाही. म्हणून ती मी जशी पाहिली तशी निवेदन करते.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी वजरी आहे. आंघोळीच्या वेळी टाचा घासावयाच्या त्या उपकरणास वजरी म्हणतात, हे आपणांस ठाऊक असेलच. एरंडोलच्या भटू ओताऱ्याने मला ओतले. माझी पाठ त्याने पोपटाच्या आकाराची केली, तळाला बारीक दाते पाडले आणि पोटात खडे ठेवून ते बंद केले. त्यामुळे मला घासण्यास घेतले की मी छुमछुम वाजते. कोणीतरी विचारले, "पाय घासाले वाजानं काय काम?" तेव्हा भटू म्हणाला, "बाया दिवसभर राबतस, कोनले ऐकू येत नही. निदान पाय धोतीन तवय तरी वाजू दे." त्या बोलण्याचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही.

दोंडाईच्यापासून जवळच्या एका खेड्यात भिकुबाई नावाची नववधू राहण्यास आली, तिच्याबरोबर मी त्या घरात आले. तिने मला पुष्कळ वर्षे वापरले. "माहेरनी वजरी शे," असे ती शेजारणींना अभिमानाने सांगे. पुढे तिचे गुडघे धरले, पायांपर्यंत हात पोहोचेना, आणि मी न्हाणीजवळच्या कोनाड्यात जाऊन पडले. माझ्यावर काजळी चढली, कळंक आला. घरात प्लेग येऊन गेला व त्यात भिकुबाईची सून वारली. भिकुबाईचा मुलगा सुकदेव एकटा झाला. मला कोणी विचारीत नव्हते, आणि त्या घरात त्या काळी कोणी कोणासच काही विचारीत नव्हते.

त्यानंतर काही वर्षांनी सुकदेवाचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागला. पाटाने आलेली ताईबाई तिशीकडे झुकलेली, उंच, कामाला खंबीर अशी बाई होती. तिचा पहिला नवरा वारला होता. तो हात उचलीत असे आणि रात्रीदेखील तिची इच्छा जाणून घेत नसे, हे मला तिच्या चालण्यावरून समजले. मागून पावलांचा आवाज आला की तिच्या टाचा जमिनीत रुतत. सुकदेव पाणी मागे, तेव्हा ती तांब्या त्याच्या हातात न देता जमिनीवर ठेवी व मागे सरे. सुकदेव तो निमूटपणे उचली.

भिकुबाई एकदा शेजारच्या बेबाबाईला म्हणाली, "सून कामनी वाघीन शे, पन मानूस जवळ उना की दगड व्हई जास."

"मंग आखाजीले माहेर जाई, ती काय परत येवाव नही," बेबाबाईने भाकीत केले.

मित्रांनो, हीच त्या घराची चिंता होती. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. ताईबाईचा भाऊ चुडामण तिला न्यावयास येणार होता. ती परत आली नाही, तर सुकदेवाचे घर पुन्हा ओस पडणार होते; आणि आली, तरी भीत भीतच जगणार असेल तर त्या येण्याला काय अर्थ होता?

त्या चैत्रात शेतातल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटताना ताईबाईच्या टाचांना भेगा पडून त्यांतून रक्त येऊ लागले. दुपार कलल्यावर ती परसातल्या दगडावर बसून पाय धूत होती. सुकदेवाने मला कोनाड्यातून काढले, चिंचेने घासून लख्ख केले आणि तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवले. ती जशी तांब्या ठेवी, अगदी तसे.

"माले घासू देशी का?" त्याने विचारले. "नही म्हनशी तं वजरी आठेच ठी जास."

ताईबाईने मान वर केली नाही. "बायकोना पायले नवरानी हात लावाना नही. पाप लागस."

"कोनी सांगं?"

"बठ्ठा लोक सांगतस."

"बठ्ठासनं ऱ्हाऊ दे. तुले काय वाटस?"

असा प्रश्न तिला पूर्वी कोणी केला नसावा. नंतर तिने एक पाय पुढे केला. दुसरा मात्र लुगड्याच्या घोळात ओढून घेतला.

सुकदेवाने त्या पायावर कोमट पाणी ओतले. नांगराची मूठ धरून घट्टे पडलेल्या त्या हाताने टाच अशी उचलली, जणू ती पक्ष्याचे पिलू होती. मी घासू लागले आणि माझ्या पोटातले खडे वाजू लागले.

"हळू," ती म्हणाली.

हात हलका झाला.

"थांबा."

हात थांबला. मित्रांनो, मी पितळेची आहे, तरीही त्या क्षणी मला रोमांच उभे राहिले असे म्हणावेसे वाटते. बाईच्या एका शब्दाने पुरुषाचा हात थांबतो, हे मी प्रथमच पाहत होते, आणि ताईबाईही प्रथमच पाहत होती.

"आते करा," ती म्हणाली. तो करू लागला. लगेच ती पुन्हा म्हणाली, "थांबा." तो थांबला.

"दुखनं का?"

"नही. देखी ऱ्हायनी व्हती, थांबतस का नही ते."

एवढे बोलून तिला हसू फुटले. त्या घरात मी पुष्कळ आवाज ऐकले होते, पण हा त्यांत नव्हता. हसता हसता तिने घोळातला दुसरा पायही काढून पाण्यात ठेवला.

त्या दिवसापासून तो नित्यनेम झाला. तो रोज विचारी. ती कधी हो म्हणे, कधी "आज नही" म्हणे, आणि नाही म्हटले तरी त्याचे तोंड उतरत नसे. मला वाटते, त्या न रागावता ऐकलेल्या नकारातूनच तिचा होकार उगवला. घासून झाल्यावर तो तिच्या पायांना तिळाचे तेल लावी. मग पायांना हळूहळू सगळे कळू लागले. सारवलेल्या जमिनीचा गारवा, ओल्या वाळूची गुदगुली, निंबाखालच्या सावलीचा काठ. ती न्हाऊन केस वाळवीत बसे, तेव्हा वाऱ्याकडे मान करी. भाकरी थापताना गुणगुणे. तांब्या आता हातातून हातात जाऊ लागला, आणि बोटे एकमेकांना लागली तरी कोणी ती घाईने मागे घेईना. पुढे एके दिवशी तिनेच मला उचलले व नवऱ्याला म्हणाली, "बसा. तुमनी पाठ देखी का? बैलनी बरी."

"बैलले पुसस का तू?"

"बैल गुमान बसस. तुम्ही हालतस."

पाठ घासून झाली. ताईबाईने आपण होऊन आपला ओला तळवा त्याच्या मानेवर ठेवला आणि तो तेथेच राहू दिला. नंतर ती त्याचा हात धरून घरात गेली. दार लागले. मी बाहेर दगडावर राहिले, आणि ते उचितच होते. माझ्यापुरते एवढेच सांगते की, दुसऱ्या दिवशी मागून पावले वाजली तेव्हा तिच्या टाचा रुतल्या नाहीत.

परंतु माझ्या वाजण्याने एक अनर्थ ओढवला. छुमछुम ऐकून बेबाबाईने कुडाच्या फटीतून पाहिले. तिने जे पाहिले तेच गावात सांगितले, "सुकदेवनी बायकोना पाय धरात."

आता पाय धरणे म्हणजे गुन्हा कबूल करून क्षमा मागणे, हे कोण जाणत नाही? गावाने विचार केला की, ज्याअर्थी पाय धरले त्याअर्थी अपराध मोठा असला पाहिजे. कोणी म्हणे त्याने तिला मारले, कोणी म्हणे तिचे गळ्यातले डोरले मोडून खाल्ले, कोणी म्हणे त्याने दुसरी ठेवली आहे. ही वार्ता बाजारच्या दिवशी दोंडाईच्यास चुडामणच्या कानी गेली. बहिणीचे पहिले स्थळ त्यानेच पाहिले होते. ते दुःख त्याच्या पोटात होतेच. तो बैलगाडी जुंपून आखाजीपूर्वीच येऊन थडकला. भाऊबंदांतले वडील हिलाल आबा यांना बोलावण्यात आले. ओट्यावर माणसे जमली.

"सुकदेव, तू पाय धरात का नही?" आबांनी विचारले.

"धरात."

"कोनता गुन्हा कया?"

"गुन्हा नही, आबा."

"बिगर गुन्हाना कोनी बायकोना पाय धरस का रे?"

कोणीतरी मागून म्हणाले, "पाय दाबाले गडी ठेल व्हई तिनी." हशा पिकला. सुकदेवाचे कान लाल झाले. पण दोघांमधली गोष्ट चारचौघांत मांडावी, हे त्याला पटेना. तो गप्प राहिला, आणि त्याचे गप्प राहणे हाच त्याचा कबुलीजबाब ठरू लागला. चुडामण उठून म्हणाला, "ताई, गठोडं बांध. गाडी जुपेल शे."

वडीलधाऱ्यांसमोर सुनेने बोलण्याची रीत नव्हती. तरी ताईबाई डोईवरचा पदर नीट करून उंबऱ्याबाहेर आली.

"आबा, माफी मांगासाठे नही धरात. माले पुसीसन धरात."

"पुसीसन?"

"हाथ लावू का, आसं पुसतस. मी नही म्हनं तं लावतस नही. थांबा म्हनं तं थांबतस." मग ती भावाकडे वळली. "भाऊ, पहिला घर मा माले कोनी पुसं नही. तू बी पुसं नही."

हिलाल आबांनी आपल्या म्हाताऱ्या पावलांकडे पाहिले व म्हणाले, "उठा रे. आठे पंचाइतनं काम नही."

माणसे पांगली. चुडामण मात्र गाडीजवळ उभा राहिला. चाबूक हातात फिरवीत, बहिणीच्या डोळ्यांकडे न पाहता, तो अडखळत म्हणाला, "ताई, मंग... येशी का?"

"आज नही," ताईबाई म्हणाली. "आखाजीले येसू. आन परत आठेच येसू."

त्याने मान हलविली, आणि रिकामी गाडी घेऊन तो गेला.

मित्रांनो, त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे लोटली. माझे दाते झिजले आहेत, पण मी पाहिले ते नवल झिजलेले नाही. माणसाचे शरीर ही मोठी मानी वस्तू आहे. ते ओढल्याने येत नाही. विचारल्याने येते, आणि आले म्हणजे सगळे आयुष्य घेऊन येते. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे की, आपल्या माणसाला हात लावण्यापूर्वी विचारा, उत्तर ऐका, आणि नकारावर रुसू नका.

वजरीच्या मुखाने हे वृत्त लिहून काढणारा तोताराम पुना पाटील, येथवर वाचण्याची तसदी घेणाऱ्या सर्व वाचकांचा ऋणी आहे.