करंगळीची भाषा

“पोरीला रोज त्या मठात नेऊ नकोस हं, मुकी होईल,” असं शेजारच्या झीटामावशीने बजावलं होतं. मी हसले. डोंगरावरच्या, मौन पाळणाऱ्या ख्रिस्ती साधूंच्या त्या मठात जुनी हस्तलिखितं लावायचं काम मला मिळालं होतं. तेवढा वेळ माझी इल्दा स्वयंपाकघरात म्हाताऱ्या ब्रदर अन्सोविनोंपाशी खेळायची.

ती दोन वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. माझं हसू मावळलं. त्यात ती सारखी करंगळी ओठांना लावू लागली. दात दुखतोय वाटून मी तिला पेरुजा शहरात डॉक्टरकडे नेलं. दात ठीक, कानही ठीक. शेवटी रडवेली होऊन अन्सोविनोंना दाखवलं, तर ते पोट धरून हसले.

“अगं, दूध मागतेय ती! जेवताना बोलायचं नाही, म्हणून शेकडो वर्षं आम्ही असंच मागतो. तान्हं बाळ चोखतं ना, तसं.”

इल्दाने लगेच दोन्ही हातांच्या बोटांचं गोल कडं केलं.

“आणि हा पाव. पोरगी वर्षभर बडबडतेय बाई, तूच बहिरी!”

मी तिच्या हातांना उत्तरं देऊ लागले आणि महिन्याभरात ती तोंडानेही बोलली. पहिला शब्द, ‘आणखी’. आता मावशी म्हणते, “परत ने गं मठात, जरा गप्प बसेल.”

पण दुसरं बाळ झाल्यापासून मला तो चढ जमत नाही, आणि ब्रदरांचा खोकला हटत नाही असं ऐकते. तुम्ही वर गेलात तर स्वयंपाकघरात डोकावा. बोलू नका, नुसती करंगळी ओठांना लावा. ब्रदरांच्या हातचं दूध मिळालं, तर मला येऊन सांगा.