साडेसातचे थोरले

"कानिफदादा, एकच विनंती आहे. शनिवारी तुम्ही नगरमध्ये दिसू नका."

फोनवर ओम होता. साडेसातच्या मालिकेच्या निर्मितीचा सगळा कारभार तोच बघायचा. वय तिशीचं आणि बोलायला एकदम गोड. कानिफनाथ नरवडे तेव्हा सुप्याच्या कारखान्यात, स्टोअरच्या खिडकीपाशी बेअरिंगचे खोके रचत उभा होता. त्याला आधी वाटलं चेष्टा चाललीय. जन्म तिसगावचा असला तरी त्याचं कॉलेज नगरचं, पहिली एकांकिका नगरची, पहिलं बक्षीस नगरचं. आणि मुंबईहून कुणीतरी फोन करून त्याला तिथंच फिरकू नका म्हणून सांगत होतं.

ओमनं सगळं उलगडून सांगितलं. चॅनेलनं नगरला महिला मेळावा ठेवला होता. मालिकेतला दिवाणखाना जसाच्या तसा मैदानात उभा करणार होते. वहिनी येणार होत्या, म्हणजे वहिनींचं काम करणारी मोनिका. बायका रांगेनं स्टेजवर चढणार, थोरल्यांच्या हार घातलेल्या फोटोला फूल वाहणार आणि वहिनींबरोबर सेल्फी काढणार. आता खुद्द थोरलेच मैदानात भेळ खाताना सापडले तर कोण फूल वाहील?

"आणि जूनमध्ये आपली नवी मालिका येतेय," ओम म्हणाला. "हिरोचे वडील. पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत जिवंत. तुमचं नाव मी वर दिलंय. तेवढा शनिवार सांभाळा."

कानिफनाथ बरं म्हणाला. साडेतीन वर्षांत चालून आलेलं हे पहिलं काम होतं, दुसरं काय म्हणणार?

थोरले म्हणजे तोच. त्याआधी नऊ वर्षं त्यानं मुंबईत हवालदार केले, कंपाउंडर केले, वकिलाचे कारकून केले. चहा ठेवून जायचं आणि मालकांची गाडी आल्याचं सांगायचं. नाव फार लांबलचक आणि गावठी आहे, जरा छोटं करा, असं सुचवणारे शहाणेही भेटले. त्यांना तो सांगायचा की मढीच्या कानिफनाथाला नवस बोलून मी झालोय, नाव बदललं तर आई उंबऱ्याच्या आत घेणार नाही. मग एकदाचं थोरल्यांचं काम मिळालं. धाकट्या भावासाठी शिक्षण सोडलेला, बायकोवर जीव टाकणारा, शांत माणूस. कानिफनाथनं तो असा काही केला की पहिल्या दोन महिन्यांत बायका थोरल्यांसाठी मालिका बघायला लागल्या. हेच नडलं. जो आवडतो तो मेला तरच घरोघर रडारड होते, हे लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. ब्याण्णवाव्या भागात थोरल्यांची गाडी घाटात कोसळली.

त्याच दुपारी त्याला भिंतीपाशी उभं करून फोटो काढला. फोटोग्राफर म्हणाला, हसा, पण बेतानं. फुलांचा हार रोज सुकतो आणि मागच्या-पुढच्या दृश्यात फरक पडतो, म्हणून चंदनाच्या सालीचा हार आणला होता. त्या दिवसापासून रोज साडेसातला मोनिका पांढऱ्या साडीत त्या फोटोसमोर उभी राहून आपलं गाऱ्हाणं सांगू लागली. मालिका जोरात चालली. कानिफनाथचं मात्र सगळं थांबलं. जिथं जाईल तिथं एकच उत्तर मिळे: दादा, तुमचा चेहरा रोज हारात दिसतो, तुम्हाला जिवंत कसं दाखवायचं? वर्षभर त्यानं कळ काढली आणि मग गुपचूप सुप्याला येऊन नोकरी धरली. कारखान्यात सगळे त्याला थोरले म्हणत. बायको दिपाली दळणाला गेली की गिरणीवाल्याची नजर आधी तिच्या कपाळाकडे जाई. ती घरी येऊन हसत सांगायची, पण त्या रात्री तिची भाजी खारट व्हायची.

तिसगावात रंगुबाईची तऱ्हा वेगळी होती. कानिफनाथची ही आई वीस हंगाम ऊस तोडून आलेली बाई. साडेसात वाजले की ती टीव्ही बंद करून अंगणात जाऊन बसे आणि शेजारच्या घरातून मालिकेचा आवाज आला की भांडी आपटायला घेई. एकदा बाजारात मेथीवालीनं तिचा हात धरून, मावशे, लई वाईट झालं, म्हणून डोळ्याला पदर लावला. रंगुबाईनं मेथीची जुडी तिच्याच अंगावर भिरकावली आणि रिकाम्या पिशवीनं घरी आली. तिच्या घरात एकाच फोटोला हार होता, नवऱ्याच्या, भिमाजीच्या. तो तिनं स्वतःच्या हातानं घातला होता. हार म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

शुक्रवारी तिचा फोन आला. बचत गटाच्या बायका टेम्पो करून मेळाव्याला निघाल्या होत्या आणि तीही निघाली होती.

"त्यो हार काढून येनार मी," ती म्हणाली आणि फोन ठेवला. नंतर कितीही लावला तरी उचलला नाही.

कानिफनाथनं हे दिपालीच्या कानावर घातलं. दिपालीनं सांगितलं, शनिवारी दार लावून घरात बसा, जून आला की आपण सुटलो. तिचंही काही चुकत नव्हतं. तीन वर्षं तिनं एका शब्दानं टोचलं नव्हतं. पण आई स्टेजवर काय करील याचा नेम नव्हता, आणि केलं तर जून गेलाच. तिला वेळेत गाठून गोडीगुलाबीनं परत न्यायचं असं ठरवून, करोनातला मास्क आणि कारखान्याची टोपी घालून तो नगरच्या एसटीत बसला.

मैदान बायकांनी फुललं होतं. स्टेजवर तोच दिवाणखाना, तोच झोपाळा, आणि मधोमध, तीन फूट उंचीचा करून, तो. बेतानं हसणारा. रांग पुढं सरकत होती. बायका फूल ठेवत, हात जोडत, एखादी खरंच डोळे पुसत होती. त्यानं मास्क नाकावर ओढला. आपल्यासाठी इतकी माणसं रडतात आणि आपण चोरासारखे तोंड लपवून उभे, याचा त्याला भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढावा हेही कळेना.

रंगुबाई स्टेजच्या पायऱ्यांपाशी सापडली. पुढं चारच बायका होत्या.

"आये, चल घरी," तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला. "जूनमधी काम मिळतंय मला. मोठं काम हाय. आज गप ऱ्हायलो तरच मिळतंय."

तिनं वर पाहिलं. मास्कमधूनही ओळखलं.

"काय काम?"

"हिरोचा बाप. जित्ता."

"आन् आज?"

त्यानं टोपी आणखी खाली ओढली.

"तुझ्या बापाला मी हार घातला, कारन त्यो ग्येला हुता," रंगुबाई म्हणाली. "तू माझ्याम्होरं हुबा हायेस. जित्तं व्हायला तुला त्यांची परवानगी लागती व्हय?"

आणि ती पायऱ्या चढली. तिच्या हातात कुणीतरी फूल दिलं, ते तिनं तसंच टेबलावर टाकलं आणि फोटोकडं हात वर केले. हात पुरेना. टाचा उचलल्या, तरी पुरेना. रांगेतल्या बायकांना वाटलं, म्हातारी फोटोला ओवाळतेय. ओम मात्र पळत आला आणि तिचा दंड धरून म्हणाला, "आजी, सेटच्या वस्तूंना हात लावायचा नाही. खाली चला."

त्यानं हात धरला, एवढंच. ढकललं नव्हतं की ओढलं नव्हतं. पण कानिफनाथनं टोपी काढली, मास्क काढला, दोन्ही खिशात कोंबलं आणि पायऱ्या चढला. ओमनं त्याला पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"दादा, जून," तो कसाबसा म्हणाला.

"हात सोड तिचा," कानिफनाथ म्हणाला.

पुढच्या रांगेत आधी एकीनं ओळखलं, मग दहा जणींनी, आणि बघता बघता अख्ख्या मैदानानं. झोपाळ्यापाशी मोनिका सेल्फीसाठी वाकलेली तशीच राहिली. साडेतीन वर्षं ती रोज त्याच्याशी बोलत आली होती. मग तिनं पांढऱ्या पदरानं डोळे टिपले आणि हातातला माइक मुकाट्यानं त्याच्यासमोर धरला. तिच्या नोकरीसाठी ते बरं नव्हतं, तरी धरला.

थोरले नेहमी पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायचे. कानिफनाथ तसं बोलला नाही.

"मी कानिफनाथ भिमाजी नरवडे. गाव तिसगाव, तालुका पाथर्डी," तो म्हणाला. "थोरल्यांचं काम मी केलं. थोरले ग्येले, त्यांच्यासाठी तुमी रडला, लई उपकार झाले. पर मी हाय. आन् ही माझी आई हाय. तिला रोज ह्यो हार बघावा लागतोय."

मग त्यानं फोटो भिंतीवरून उतरवला आणि आईपुढं धरला. हार बारीक तारेनं पक्का आवळलेला होता. त्याला तो सुटेना. रंगुबाईनं त्याचे हात बाजूला केले. ज्या हातांनी उसाच्या मोळ्या बांधल्या होत्या त्यांनी तारेला दोन पीळ उलटे दिले, आणि चंदनाची सालं स्टेजभर सांडली. टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत. रांगेतली सगळ्यात पुढची बाई तेवढी आली, तिनं त्याच्या तोंडावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली आणि फोटो न काढताच खाली उतरली.

रविवारी ओमचा निरोप आला. वरून नकार आलाय, माफ करा. एवढंच. कानिफनाथनं तो दिपालीला वाचून दाखवला. तिनं तो पुन्हा एकदा स्वतः वाचला. मग म्हणाली, सोमवारी तुम्हाला सुट्टी आहे, तिसगावला आत्याबाईंकडं जाऊन येऊ.

सोमवारी साडेसातला रंगुबाईनं स्वतः टीव्ही लावला. आळीतल्या पाच-सहा बायका उगाच काहीतरी निमित्त काढून येऊन बसल्या होत्या. कानिफनाथ एका बाजूला पिठलं-भाकरी खात होता. मालिका सुरू झाली. हे भाग पंधरा दिवस आधीच तयार झालेले असतात, त्यामुळं दिवाणखाना तोच, भिंत तीच, आणि फोटोला चंदनाचा हारही तसाच. मोनिका फोटोसमोर उभी राहून रडू लागली.

घरात कुणी कुणाकडं बघेना. दिपालीनं मान खाली घातली. जवळ बसलेल्या एकीनं हळूच रिमोट उचलला आणि टीव्ही बंद करायला गेली.

"ऱ्हाऊ दे," रंगुबाई म्हणाली. ती पुढं सरकून, डोळे बारीक करून, पडद्यावरच्या फोटोकडं निरखून बघत होती. "बंद कशापाई करती? बघा की नीट. मेल्याचं काम बी माझ्याच लेकानं क्येलंय. साडेतीन वर्सं झाली, पापनी हलली न्हाई त्याची."

कानिफनाथचा घास हातातच राहिला. तेरा वर्षांत आईनं त्याच्या कामाबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द होता.