एक नंबरचं झाकण

नवा लॅपटॉप मिळाला तेव्हा मधुरानं कौतुकानं त्याचा फोटो नाशिकला आईला पाठवला होता. वहीएवढा पातळ, उचलला तरी कळू नये इतका हलका. आज सिल्वासाजवळच्या राखोलीच्या या कारखान्यात दोन नंबरच्या मिक्सरपुढे उकिडवी बसून ती त्याच पातळपणाला मनातल्या मनात शिव्या घालत होती. जुन्या लॅपटॉपला कडेला केबल लावायची जागा होती. याला नव्हती. ती भरून काढायला बोटभर लांबीचा एक पांढरा अडॅप्टर होता. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला केबलची जागा. एवढ्याशा वस्तूवर तिची अख्खी अब्रू अवलंबून होती.

कंपनीत लागून तिला आठ महिने झाले होते. प्रत्येक वेळी मिलिंद सर बरोबर असायचे. ती केबल धरायची, सर बटणं दाबायचे. आज सर पुण्याला दुसऱ्या कामात अडकले आणि सिल्वासाला तिला एकटीला धाडलं. सकाळी वापीला गाडीतून उतरल्यापासून ती घाबरलेली होती. पण इंजिनीअर बाई घाबरलेली दिसली की लोक लगेच हसतात, हे ती आठ महिन्यांत शिकली होती, त्यामुळे चेहरा तिनं मख्ख ठेवला होता.

कारखाना प्लास्टिकला रंग देणारे दाणे बनवायचा. शेजारी शेजारी दोन मिक्सर, प्रत्येकाच्या पोटात माणूस बसू शकेल एवढी जागा आणि तळाला पोलादी पाती. दोन नंबर फक्त पांढरा माल करायचा. तो भरलेला होता, झाकणही बंद होतं, पण झाकणाचा स्विच बिघडल्यामुळे मशीनला ते उघडंच वाटत होतं आणि झाकण उघडं असलं की मशीन फिरत नाही. नवा स्विच उद्या येणार होता. तोवर लॅपटॉप जोडून मशीनच्या कंट्रोलरला सांगायचं, की बाबा रे, झाकण बंद आहे असं धरून चाल. याला हे लोक फोर्स मारणं म्हणतात.

एक नंबरमध्ये रात्रभर काळा माल झाला होता. आता त्यात निळा करायचा, म्हणजे आतला काळा कण न् कण हातानं पुसून काढायला हवा. त्यासाठी भिका सकाळपासून आत उतरला होता. पन्नाशीचा, शिरपूरकडचा, या मिक्सरांपाशी सतरा वर्षं काढलेला माणूस. एक नंबरच्याच पॅनलमधून वायर ओढून त्यानं आत दिवा नेला होता, म्हणून एक नंबरचा मेन, म्हणजे विजेचा मुख्य दांडा, चालूच होता. उतरण्याआधी त्यानं मधुराला सांगितलं होतं, "मॅडम, तुमची केबल लावायच्या आधी मला एक आवाज द्या बरं का."

"हो काका," ती म्हणाली होती.

आणि नंतर तिनं आवाज दिला नाही. विसरली असती तरी एक वेळ चाललं असतं. तिनं ठरवून दिला नाही. एक केबल लावायला सफाईवाल्या काकांना बाहेर बोलवायचं म्हणजे सुपरवायझर ललितभाईंपुढे शोभा करून घेणं, असं तिला वाटलं. ललितभाई मागे उभे राहून दर मिनिटाला घड्याळ बघत होते.

"मॅडम, थशे ने आज?" ते म्हणाले. "दोन नंबर चालू नाय झाला तर शेठ मला खाऊन टाकेल."

"होईल, ललितभाई."

दोन मिक्सरांच्या मधोमध भिंतीवर एक डबी होती. त्या डबीत दोन्ही मशीनच्या कंट्रोलरच्या केबली येत होत्या. तिथल्याच एका रिकाम्या जागेत मधुरानं आपली केबल खोचली, दुसरं टोक अडॅप्टरला लावलं आणि अडॅप्टर लॅपटॉपला. अडॅप्टरचा दिवा लागला नाही. तिचे कान गरम झाले. ती फोन कानाला लावून बोलू लागली.

"सर, दिवाच लागत नाहीये."

"घाबरू नकोस गं," पुण्याहून मिलिंद सर म्हणाले. "काढ आणि दुसऱ्या बाजूच्या यूएसबीला लाव. वायफाय बंद कर. आता नेटवर्कच्या यादीत बघ, नवीन काही आलं का?"

आलं होतं. इथरनेट तीन. हिरवा दिवा लुकलुकायला लागला आणि मधुराच्या जिवात जीव आला. सरांनी सांगितला तसा लॅपटॉपचा पत्ता तिनं हातानं भरला, कंट्रोलरचाच, शेवटचा आकडा तेवढा वेगळा. मग कंट्रोलरला हाक मारून पाहिली. चार वेळा हाक, चार वेळा उत्तर. एकटीनं केलेलं तिचं हे पहिलं काम, आणि ते झालं होतं. ती हसली, ललितभाईसुद्धा हसले.

पडद्यावर मिक्सरचं चित्र उमटलं. खाली लिहिलं होतं, झाकण उघडं. तिनं ते सरांना वाचून दाखवलं.

"बरोबर," सर म्हणाले. "तेच खोटं बोलतंय. मार फोर्स."

मधुरानं फोर्स मारला. अक्षरं बदलली. झाकण बंद.

ललितभाईंनी दोन नंबरच्या पॅनलवरचं हिरवं बटण दाबलं. काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, जोर लावून. मिक्सर ढिम्म. तिनं सरांना सांगितलं.

"बटणपण गेलं असेल," सर म्हणाले. त्यांना मागून कुणीतरी बोलवत होतं. "मधुरा, लॅपटॉपवरूनच स्टार्ट दे आणि मोकळी हो."

तिनं बाण स्टार्टवर नेला. बोट टेकवलं. आणि कशी कोण जाणे, तिची नजर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात गेली. तिथे शेवटच्या मालाचं नाव होतं. काळा. वेळ पहाटेची पाच वाजून दहा मिनिटं.

"ललितभाई," तिनं विचारलं, "दोन नंबरमध्ये काळा कधी केला होता?"

"काळा? कधीच नाय. एकदा काळा गेला तर पांढरा पुन्हा निघेल काय? आणि दोन नंबर तर चार दिवसांपासून बंद आहे ने."

मधुराचं बोट अजून तिथेच होतं. ते उचलायलाही तिला भीती वाटली, न जाणो उचलता उचलता दाबलं गेलं तर. तिच्या सगळं ध्यानात येत गेलं, आणि येऊ नये असं वाटत असतानाच येत गेलं. ज्यानं कुणी ही मशीनं बसवली, त्यानं एक नंबरचं सगळं उचलून दोन नंबरमध्ये तसंच्या तसं उतरवलं होतं, पत्त्यासकट. दोघांचा पत्ता एकच. तिनं हाक मारली ती दोन नंबरला, उत्तर दिलं एक नंबरनं. झाकण उघडं हे खोटं नव्हतंच. एक नंबरचं झाकण खरोखर उघडं होतं, कारण आत भिकाकाका होते.

तिनं अडॅप्टर उपटला. हिरवा दिवा विझला, आणि एक क्षणभर तिला वाटलं, सुटले.

मग तिला आठवलं. केबल काढल्यानं फोर्स जात नाही. तो मशीनच्या डोक्यात तसाच बसून राहतो. या घटकेला एक नंबर झाकण बंद आहे असं मानून तयार उभा होता, मेन चालू, पोटात माणूस. कुणीतरी फक्त हिरवं बटण दाबायचा अवकाश होता.

तिनं अडॅप्टर पुन्हा खुपसला. घाईत तो उलटाच जात होता. गेला, तर दिवा लागेना.

"भिकाकाकांना बाहेर काढा!" ती ओरडली. "आधी त्यांना बाहेर काढा!"

"अरे, काय झालं?"

"एक नंबर चालू होईल! माझ्याकडून चूक झालीय, तो चालू होईल!"

ललितभाईंना तिची दया आली. नवीन पोरगी, पहिलाच दिवस, मशीन बघून भेदरली. असे चेहरे त्यांनी पुष्कळ पाहिले होते, आणि त्यावर त्यांच्याकडे एक ठरलेला उपाय होता. नवीन आलेल्या प्रत्येक कामगाराची भीती ते तशीच घालवायचे.

"काय घाबरता मॅडम," म्हणत ते एक नंबरच्या पॅनलपाशी गेले. "झाकण उघडा आहे तोपर्यंत हा राक्षस हलतच नाय. कितीपण बटण दाबा. हे बघा, दाखवतो तुम्हाला."

त्यांनी अंगठा पुढे केला.

मधुराला नंतर कितीही आठवून ते अंतर आठवेना. लॅपटॉप मांडीवरून पडला, फोन जमिनीवर आपटला आणि ती पॅनलवर जाऊन आदळली एवढंच तिला माहीत होतं. तिनं मेनचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला. खटकन आवाज झाला. त्याच वेळी ललितभाईंचा अंगठा हिरव्या बटणावर टेकलेला होता. बटण आत दाबलं गेलेलं होतं.

मिक्सर हलला नाही. आतला दिवा गेला.

"कोन हाय रे?" अंधारातून भिकाचा आवाज आला. "दिवा का घालवला?"

 मधुरा दांड्याला लटकून रडत होती. भिका झाकणातून वर आला, तोंड, हात, पापण्यासुद्धा काळ्या. त्यानं जमिनीवरचा लॅपटॉप पाहिला, भिंतीवरच्या डबीतली तिची केबल पाहिली, आणि कुणी काही सांगायच्या आधीच तो ओळखून चुकला.

"एक नंबरची वायर काढली नव्हती ना?" तो म्हणाला. "दोन नंबरशी बोलायचं म्हनलं का एकची वायर काढावी लागते. ते मीच काढतो दरवेळी. म्हनून तर बोललो होतो, आवाज द्या."

"नाही दिला," मधुरा म्हणाली. "मुद्दाम नाही दिला. मला लाज वाटली."

भिका मिक्सरच्या कडेवर बसला. त्याचे पाय आत लोंबकळत होते. त्यानं ते वर ओढून घेतले.  ललितभाई आपला अंगठा दुसऱ्या हातात धरून उभे होते. 

फोन जमिनीवर अजून चालू होता. काच तडकली होती, आवाज येत होता. ललितभाईंनी तो उचलून मधुराला दिला. तिनं सरांना सगळं सांगितलं.  सर हळू आवाजात म्हणाले, "कुणाला लागलं नाही ना? मग झालं. हे रिपोर्टमध्ये लिहू नकोस. एकची केबल काढ, दोन चालू कर आणि संध्याकाळच्या गाडीनं निघ."

तिनं फोन बंद केला.

भिकानं डबीतली एक नंबरची केबल काढून लोंबती सोडली. "फोर्स?" त्यानं विचारलं.

"आहे अजून. काढायला मेन चालू करावा लागेल."

"मी बाहेर हाय तवर काढून घ्या."

तिनं काढला. त्यासाठी एकची केबल पुन्हा लावली, दोनची काढली, अडॅप्टर नीट बसवला, मेन वर केला, पडद्यावरचं प्रत्येक अक्षर मोठ्यानं वाचलं आणि भिकानं शेजारी बसून हो म्हटलं. झाकण उघडं, हे दोन शब्द परत आले तेव्हा तिनं मेन पुन्हा खाली ओढला.

"दोन नंबर?" ललितभाईंनी चाचरत विचारलं.

"उद्या. स्विच आल्यावर," मधुरा म्हणाली. "आणि मी हे सगळं लिहिणार आहे. माझं नाव घालून."

भिकानं फडकं उचललं. सफाई अर्धीच झाली होती. संध्याकाळी निळा लागणार होता, तो थांबणार नव्हता. त्यानं एक पाय आत टाकला आणि तसाच थांबला. सतरा वर्षांत तो असा कधी थांबला नसावा. काळ्या तोंडात त्याचे डोळे मोठे दिसत होते.

"आत दिवा नाही," तो म्हणाला.

मधुरानं आपल्या फोनचा टॉर्च लावून त्याच्या हातात दिला. "मेन मी लावू देणार नाही. कुणालाही नाही. दांड्यावर माझा हात आहे."

तो उतरला. आतून फडक्याचा आवाज येऊ लागला, खसाखस, मग बंद. बंद झाला की मधुरा हाक मारायची.

"भिकाकाका?"

"हाव, मॅडम."

पुन्हा खसाखस. दांडा धरून तिच्या बोटांना मुंग्या आल्या तरी ती सोडेना. आत फोन वाजायला लागला, पोलादाच्या पोटात तो फार मोठ्यानं वाजत होता.

"तुमच्या सायबांचा हाय," आतून भिका म्हणाला. "वर देऊ का?"

"वाजू दे. टॉर्च विझू देऊ नका." आणि पुन्हा, आवाज येतोय हे माहीत असूनही, "भिकाकाका?"

"हाव," तो म्हणाला. "तुम्ही इचारत ऱ्हा."