एकाच टाकीची हवा

आईच्या कमरेचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती व्हॅन मीच शोधून आणली. तिच्या चाकांवर स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे आहेत, त्यामुळे धक्के जाणवत नाहीत. आठवड्यातून दोनदा आईला फिजिओथेरपीला न्यायचं, एवढंच तिचं काम. चालवणार धाकटा भाऊ, कारण मी गॅरेज सोडून जाणार कुठे!

महिन्याभरात साहेबांना हौस आली, ट्रकसारखा एअर हॉर्न हवा. मी म्हटलं, बसवतो, पण वेगळी टाकी लागेल. फुग्यांना हवा पुरवणाऱ्या टाकीतूनच हवा घेतली तर हॉर्न वाजेल आणि गाडी मागून खाली बसेल. टाकीच्या जागी त्याने आधीच स्पीकर ठोकलेला, तो काही काढायला तयार होईना. वाद आईपर्यंत गेला. तिथे निकाल कायम एकच लागतो. दे रे बसवून म्हणाली, लहान आहे तो. लहान! अडतीस वर्षांचा घोडा, टक्कल पडलंय.

बसवला. त्याच टाकीला जोडला. रागाने जोडला, खोटं कशाला बोलू? म्हटलं, होऊ दे फजिती, मग येईल मुकाट्याने. त्या रागात मागे कोण बसतं, हे डोक्यातच आलं नाही.

पहिल्याच फेरीला चौकात कोंडी. पठ्ठ्या हॉर्नवरचा हात काढेना. गाडी मागून बसली आणि पुढच्या खड्ड्यात लोखंडावर लोखंड आदळलं. घरी आणली तेव्हा आईला कूस बदलता येत नव्हती.

त्याच दुपारी मी हॉर्न काढला. धाकट्याने चावी टेबलावर टाकली आणि आईशी बोलणं बंद केलं. तिसऱ्या दिवशी तिने मला बोलावलं.

"बसव परत."

"आणि तू कशी जाणार?"

"मी नाही जायची आता कुठे. पडून राहीन. त्याचं तोंड तेवढं सरळ होऊ दे."

खूप भांडलो. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि जेवण बंद केलं. शेवटी बसवला.

आता व्हॅन त्याचीच. रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजतो आणि अंथरुणातल्या आईचा चेहरा खुलतो. परवा मी तिचे पाय चेपत होतो. हॉर्न वाजला. ती म्हणाली, "छान बसवलास हो."

उभ्या आयुष्यात माझ्या कामाचं तिने केलेलं हे पहिलं कौतुक.