लायबाचे चौदा महिने

मी बोलतोय, पण निम्माच. कॅमेऱ्याचं भिंग काढून घेतलं की मागे जो काळा ठोकळा उरतो, त्याला बॉडी म्हणतात. तो मी. तोंडावर प्लॅस्टिकचं झाकण बसवलंय, तेव्हा आवाज नीट पोचत नसेल तर माफ करा. तसाही मी फार बोलका नव्हतो.

मी पहिल्यापासून साधा. नवशिक्यांसाठी, असं माझ्या खोक्यावरच छापलेलं होतं. सहा मेगापिक्सेल. जन्मतःच कपाळावर असं लिहिलं की पुढे काहीही बिघडलं तरी पहिला संशय आपल्यावरच येतो. मला स्वतःलाही तो यायचा.

२००६च्या डिसेंबरात अरशद कुवेतहून सुट्टीवर आला, तेव्हा ब्लँकेटं, अत्तराच्या बाटल्या आणि दूध पावडरच्या डब्यांतून मी रत्नागिरीत पोचलो, राजिवड्याला. त्याची लेक लायबा तेव्हा नऊ दिवसांची होती. दीड महिन्याने तो परत निघाला. उंबऱ्यात उभा राहून बायकोला, फरीदाला म्हणाला, "दर आठवड्याला फोटो पाठव. मला तिला वाढताना बघायचंय."

माझं काम एवढंच होतं.

फरीदा डी.एड. झालेली. माझं माहितीपुस्तक तिने पेन्सिलीने खुणा करत वाचलं. पण लेकीच्या बाबतीत तिचा स्वतःवर काडीचा भरवसा नव्हता. वारा लागेल, धूळ जाईल, कुणाची नजर लागेल. त्यामुळे लायबा कायम कानटोपी घालून माजघरात. तिथे भर दुपारीसुद्धा कौलातल्या एका काचेतून काय उतरेल तेवढाच उजेड. फ्लॅश मारायचा नाही, पोरीच्या डोळ्यांना त्रास होईल. मग मी झडप उघडून उजेडाची वाट बघत बसायचो आणि तेवढ्यात लायबा हातपाय झाडून मोकळी व्हायची. फोटोत तिच्या जागी धूर. फरीदा तो फोटो जवळ धरून, लांब धरून बघायची. आधी म्हणायची, माझाच हात हलतो. मग म्हणायची, नाही, कॅमेराच कुचकामी आहे. दोन्ही वेळा मला ते पटायचं.

तरी दर शुक्रवारी ती सायबर कॅफेत जाऊन चार-पाच फोटो पाठवायची. आठ महिने पाठवले. मग एके दिवशी फोनवर अरशद म्हणाला की त्याच्या खोलीतल्या एका जाणकाराने फोटो पाहिले, बॉडी बदलायला हवी असं त्याचं मत पडलं. चार महिन्यांनी सुट्टी आहे, तेव्हा बारा मेगापिक्सेलची नवी घेऊन येतो.

फरीदा मला घेऊन बाजारात हरिहरकाकांच्या स्टुडिओत गेली. काकांनी मला उलटसुलट केलं, दारातल्या उजेडात रस्त्यावरच्या एका रिक्षाचा फोटो काढला आणि तिला दाखवला. रिक्षाच्या काचेवरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती.

"भाभी, पोरीला दारात आणून बसवा," काका म्हणाले. "घरात उजेडच नाही, त्याला हा काय करील? दुसरा आणलात तर तोही हेच करील."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पण दारात वारा होता, रस्ता होता, येणाऱ्याजाणाऱ्यांची नजर होती. फरीदा मान हलवून घरी आली आणि तिने मला डांबराच्या गोळ्या घातलेल्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवलं. फोनवर तिने सांगितलं, "तुम्ही चांगला आणणारच आहात, मग याच्यात कशाला वाया घालवू." अरशदलाही ते पटलं. चार महिन्यांचा तर प्रश्न होता.

चार महिन्यांनी कंपनीने सुट्टी पुढे ढकलली. मग आणखी एकदा ढकलली. दर वेळी वाटायचं, आता दोनच महिने उरले.

लायबाचं पहिलं पाऊल मी ऐकलं, पाहिलं नाही. तिची पैंजणं माजघरातून पडवीपर्यंत गेली, मध्ये एकदा धपकन आवाज झाला, पुन्हा निघाली. पुढे ती पायांवर भक्कम झाली तशी पडवीतच राहू लागली. आता उजेड होता आणि मी कपाटात. फरीदाने एकदा मला बाहेर काढलंही. पण इतके महिने थांबून शेवटी धुरकटच पाठवला तर ते काय म्हणतील, असं स्वतःशी पुटपुटत तिने मला परत ठेवलं. अम्मा, म्हणजे तिची सासू, बाहेरून म्हणाली, "अगो, पोरगी थांबलीय काय कॅमेऱ्यासाठी वाढायची?"

 तेव्हा मी कपाटातून खडखड करून दाखवायला हवी होती. साध्या माणसांसारखा साधा कॅमेराही वेळेवर बोलत नाही.

अरशद आला तो डिसेंबर २००८मध्ये, सकाळी दहाच्या सुमाराला. नवी बॉडी त्याच्या बॅगेत होती, म्हणून त्याच्या स्वागताच्या फोटोसाठी फरीदाने मलाच चार्ज करून गळ्यात घातलं. आम्ही पायरीवर उभे होतो. दारापुढच्या खळ्यात ऊन पडलं होतं आणि थोरल्या दिराची लेक आलिया तिथे शंखशिंपले मांडत बसली होती. तिच्या अंगात पिवळा फ्रॉक होता. हा फ्रॉक अरशदनेच लायबासाठी पाठवलेला. लेक केवढी झाली ते ठाऊक नसल्यामुळे त्याने माप अंदाजाने सांगितलं, तो लायबाच्या खांद्यातून उतरेना, म्हणून सहा महिन्यांनी लहान असलेल्या आलियाला दिला.

रिक्षा थांबली. अरशद उतरला. त्याने फ्रॉक पाहिला आणि बॅग तिथेच टाकून धावला.

"केवढी झाली माझी लायबा," म्हणत त्याने आलियाला उचलून छातीशी धरलं. सवयीने फरीदाचं बोट दाबलं गेलं. मी फोटो घेतला.

आलियाने भोकाड पसरलं. अम्मा पुढे होऊन हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ती थोरल्याची. तुझी ती, दारामागे आहे ती."

अरशदने आलियाला खाली ठेवलं, अगदी सांभाळून, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसं. मग दाराकडे बघून हसला. लायबा आत पळाली. पाच आठवड्यांची सुट्टी होती. त्याच्या हातून घास घ्यायला तिने त्यातले तीन लावले.

त्याच संध्याकाळी माझं भिंग काढून नव्या बॉडीला लावलं. फरीदाने लायबाला पडवीच्या पायरीवर उन्हात बसवलं, कानटोपी न घालता. फोटो स्वच्छ आले. अरशद म्हणाला, "बघ, बॉडी बदलल्याचा फरक." फरीदा नुसतं हं म्हणाली.

मला राग नाही. बदलावी का बॉडी, असं कुणी विचारलंच तर मी म्हणेन, खुशाल बदला, नवा माझ्यापेक्षा हुशार आहे. फक्त तो येईपर्यंत मला कपाटात ठेवू नका. धुरकट का होईना, त्या चौदा महिन्यांत पोर किती वाढलं ते मला सांगता आलं असतं.

परवा दुपारी अरशद परत गेल्यावर फरीदाने मला पुन्हा काढलं. भिंग नसलं तरी माझा पडदा चालतो. माझ्यात एकच फोटो उरलाय, मी घेतलेल्या सगळ्यांत स्वच्छ: उन्हात उभा बाप, छातीशी पिवळा फ्रॉक, तोंडभर हसू. तिने पुसायचं बटण दाबलं. पुसू का, एवढं मी विचारतो, ते माझ्या घडणीतच आहे. ती बराच वेळ त्या हसण्याकडे बघत राहिली. मग 'नाही' दाबून तिने मला बंद केलं.