नमती पोरगी

आरोही पाचव्या पाहुण्याच्या पाया पडायला वाकली, ती वाकूनच राहिली. मुलाचे आजोबा, ग्यानबा, भलतेच खूश झाले.

“अशी नमती पोरगी आजकाल कुठं दिसते? बाकीच्या नुसत्या गुडघ्याला हात लावून पळतेत.”

नर्मदाबाईंचा ऊर भरून आला. लेकीने बाळापूरच्या पाहुण्यांचं मन जिंकलं होतं. दाराशी पोह्यांच्या ताटल्या घेऊन उभ्या असलेल्या थोरल्या लेकीची, निलमची, नजर मात्र बहिणीच्या वाकलेल्या पाठीवरून हटेना. दीड वर्षापूर्वी शेतात हळद वेचायला वाकली तेव्हा तिच्याही डोळ्यांपुढे अंधारी आली होती. नांदेडला छाती उघडून डॉक्टरांनी हृदयातली गाठ काढली. कॅन्सरची नाही, म्हणाले, पण जागा वाईट. आणि ही घराण्यात चालते, तेव्हा पाठच्या बहिणीला लगेच तपासून घ्या.

तेव्हापासून तपासणीचं नाव काढलं की नर्मदाबाईंचं एकच पालुपद असायचं. “एकदा अक्षता पडू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची.” निलमनेही मान डोलावली होती. आता तिला स्वतःचीच चीड आली.

आरोही कशीबशी उठली. ओठ पांढरे पडले होते. शेवटी मुलाची आई, बेबीबाई, बसली होती. आरोही पुन्हा वाकू लागली.

“बस झालं, आरोही,” निलम म्हणाली. “वाकू नको.”

निलमने आपल्या ऑपरेशनसकट सगळं सांगून टाकलं. नर्मदाबाई तिला डोळ्यांनीच खात होत्या.

“आन् हे आमाला लग्नानंतर सांगणार व्हता व्हय?” बेबीबाईने विचारलं.

पोहे तसेच राहिले आणि पाहुण्यांची गाडी निघून गेली.

“जुळत आलेली सोयरीक मोडलीस,” नर्मदाबाई कडाडल्या. “किती येळ वाकून राहिली माझी लेक! म्हातारा कसा खूश झाला व्हता. तुला काहून बघवलं न्हाई गं?”

आरोही भिंतीला टेकून बसली होती.

“आई, मी मुद्दाम न्हवते वाकून राहिले.” ती दम खायला थांबली. “मला उठताच येत न्हवतं.”

नर्मदाबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी लेकीचा हात हातात घेतला, तो गार लागला. मग निलमकडे न बघताच त्यांनी विचारलं,

“नांदेडची गाडी आता कवा हाय?”